रस्त्याकडे तोंड असलेले कपाट

प्रश्न :

आदरणीय ताई,

बडोद्याच्या दांडिया बाजार भागातील एका लहान मराठी वाचनालयाचा मी मानद कार्यवाह आहे. वाचनालय पहिल्या मजल्यावर असून खाली, जिन्याच्या तोंडाशी, रस्त्याच्या बाजूला काचेचे कपाट आहे. त्यात आम्ही दर महिन्याला बारा नवी पुस्तके मुखपृष्ठ समोर येईल अशी मांडतो आणि शेजारच्या फळ्यावर ‘या महिन्याचे पुस्तक’ म्हणून एका पुस्तकाचे नाव खडूने लिहितो. या वेळी आलेल्या पुस्तकांपैकी दोन पुस्तकांच्या नावातच शिवी आहे. एक आपल्याच शहरातील तरुणाचे आत्मकथन आहे. तो मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार होता आणि तेथील मुकादम त्याला ज्या शिवीने हाक मारी, तीच त्याने पुस्तकाला नाव म्हणून दिली आहे. दुसरे पुस्तक लोकांची पर्वा न करता यशस्वी कसे व्हावे हे शिकवणारे आहे. त्याच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत शिवी असून तिच्यातील एका अक्षराच्या जागी फुली आहे. तरुण सभासद म्हणतात की दोन्ही पुस्तके कपाटात मांडा, तुकोबांच्या गाथेतसुद्धा शिव्या आहेत. ज्येष्ठ सभासद म्हणतात की दोन्ही आतल्या कुलपाच्या कपाटात ठेवा आणि मागेल त्याला काढून द्या. त्यांच्यापैकी एकांनी राजीनाम्याची भाषा केली आहे. बालविभागाची मुले त्याच जिन्याने वर येतात. एकोणीस वर्षे फळा लिहिणाऱ्या आमच्या बाईंनी तर ‘जो शब्द मी कधी तोंडातून काढला नाही, तो हातून कसा काढू?’ असे विचारून खडू खाली ठेवला. आम्ही काय करावे?

– एक कार्यवाह, वडोदरा

उत्तर :

कार्यवाह महोदय,

आपण पत्रात दोन्ही पुस्तकांची नावे पूर्ण लिहिली आहेत आणि मी ती येथे छापत नाही. यावर आपल्याकडील एखादा चाणाक्ष तरुण सभासद लगेच विचारील की, जिला स्वतःच्या सदरात तो शब्द छापवत नाही, ती रस्त्यावरच्या कपाटाविषयी आम्हाला काय सांगणार? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी देते. हे सदर उघडणाऱ्याने ते त्या शब्दासाठी उघडलेले नसते आणि मला जे सांगायचे आहे ते त्या शब्दावाचून पूर्ण सांगता येते. गरज नसलेल्या ठिकाणी शिवी घालण्याला लोक धीटपणा म्हणत असले, तरी मला तो आगाऊपणा वाटतो. त्या तरुण लेखकाची गोष्ट निराळी आहे, कारण त्या शब्दावाचून त्याचे पुस्तक उभेच राहत नाही. गरजेचा हा फरक पुढे पुन्हा लागणार आहे.

आपल्या कार्यकारिणीत तीन प्रश्नांचा गुंता झालेला दिसतो. ही पुस्तके वाचनालयात असावीत का, मागेल त्या प्रौढ सभासदाला ती द्यावीत का, आणि ती रस्त्यावरून दिसतील अशी मांडावीत का. पहिल्या दोहोंवर फार वेळ घालवू नका. पुस्तके विकत घेतली गेली, दाखलनोंदवहीत चढली, त्यांच्यावर क्रमांक पडले. आता ती सभासदांची आहेत. ज्येष्ठ मंडळींनी सुचवलेला कुलपाच्या कपाटाचा मार्ग मला सर्व मार्गांत वाईट वाटतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका वाचनालयात असे कपाट पाहिलेले आहे. त्याची किल्ली दोघा पदाधिकाऱ्यांपाशी असे, आतल्या पुस्तकांची यादी सभासदांना दाखवत नसत, आणि वर्षअखेरीच्या मोजणीत सर्वांत झिजलेली पुस्तके त्याच कपाटातून निघत. तळे राखी तो पाणी चाखी, असे म्हणून आम्ही कर्मचारी आपसांत हसत असू, पण ज्या सभासदाला मागण्याचा संकोच वाटे त्याच्यापर्यंत त्यांतले एकही पुस्तक कधी पोहोचले नाही.

शिवाय आपले वाचनालय बडोद्यात आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ च्या अमेरिका प्रवासात तेथील सार्वजनिक वाचनालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला येथे बोलावून घेतले. त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या, आणि वाचकाने स्वतः फडताळापाशी जाऊन पुस्तक चाळून निवडावे ही मुक्तद्वार पद्धत येथे रुजली. त्या काळी हिंदुस्थानात पुस्तकाची मागणी चिठ्ठीवर लिहून खिडकीतून आत देण्याचा रिवाज होता, हे लक्षात घेतले म्हणजे बडोद्याने काय केले ते कळते. असे कुलूप काढून टाकणाऱ्या शहरात दोन पुस्तकांसाठी ते परत लावण्याचे कारण मला दिसत नाही. दोन्ही पुस्तके वरच्या मजल्यावर आपापल्या विषयाच्या फडताळात जावीत आणि प्रौढ सभासदांना इतर पुस्तकांसारखीच मिळावीत.

आता कपाट. तरुण सभासद मुक्तद्वाराचा हाच दाखला घेऊन म्हणतील की मग कपाटात मांडायलाही हरकत नसावी. येथे मात्र मी त्यांच्या मागे जात नाही. फडताळ आणि रस्त्यावरचे कपाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फडताळापाशी येणारा माणूस जिना चढून, वर्गणी भरून, पुस्तक पाहण्याच्या हेतूने आलेला असतो आणि तेथे निवड त्याची असते. कपाटासमोरून जाणारा माणूस खंडेराव मार्केटहून भाजीची पिशवी घेऊन घरी निघालेला असतो किंवा समोरच्या थांब्यावर रिक्षाची वाट पाहत असतो, आणि तेथे निवड आपली असते. बाराच जागा असलेल्या कपाटात एखादे पुस्तक मुखपृष्ठ समोर करून ठेवणे म्हणजे संस्थेने ‘हे पाहा’ असे म्हणणे आहे. वाचनालयात असण्याचा हक्क प्रत्येक विकत घेतलेल्या पुस्तकाला असतो, परंतु दर्शनी जागेचा हक्क कोणत्याच पुस्तकाला नसतो. या महिन्यात जी इतर नवी पुस्तके त्या बारांत बसली नाहीत, त्यांच्यावर अन्याय झाला असे कोणी म्हटलेले नाही.

तुकोबांच्या गाथेचा दाखला खरा आहे आणि तो ऐकून ज्येष्ठ मंडळी गप्प झाली असतील, परंतु तो येथे अर्धाच लागू पडतो. गाथेतील कठोर शब्द गाथेच्या आत आहेत. तेथपर्यंत पोहोचणारा वाचक चार अभंग मागे टाकून, कोणाला आणि का हे बोल लावले आहेत ते समजून पोहोचतो. मुखपृष्ठावरच्या शब्दाच्या मागे असे काहीच नसते. आपल्या परंपरेला शिवीचे वावडे कधीच नव्हते, पण शिवीला जागा आणि वेळ नेमून देण्याचे भानही तिला होते. शिमग्याला बोंब मारणारा माणूस दुसऱ्या दिवशी तोच शब्द चावडीवर बोलत नसे. लावणीतही फडावर काय म्हणायचे आणि बैठकीत काय, हे गाणारीला सांगावे लागत नसे. आपल्या शेजारच्या सुरतेचे उदाहरण तर सर्वांच्या तोंडी असते. तेथे मित्राच्या गप्पांत शिवी ही ‘अरे’ किंवा ‘बरं का’ यांच्या जागी येते असे म्हणतात, पण तोच सुरती माणूस ती शिवी आपल्या दुकानाच्या पाटीवर रंगवून घेणार नाही. बोलताना शब्दाला चेहरा असतो, आवाज असतो, हसू असते. रंगवलेल्या अक्षराला यांतले काही नसते.

कायद्याची भीती घालून कोणी प्रश्न निकालात काढू पाहत असेल तर त्याला थोडे थांबवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९४, म्हणजे जुन्या दंड संहितेचे कलम २९२, अश्लील पुस्तकाच्या विक्रीबरोबरच त्याच्या सार्वजनिक प्रदर्शनालाही लागू होते आणि कलम २९५ मुलांच्या हाती अशा वस्तू देण्याविषयी आहे, हे खरे आहे. साहित्य, कला, विज्ञान किंवा विद्या यांच्या हितासाठी समर्थनीय ठरणाऱ्या प्रकाशनांना कलम २९४ मध्येच अपवाद आहे, हेही तितकेच खरे आहे. पण मूळ मुद्दा असा की शिवी आणि अश्लीलता या कायद्याच्या दृष्टीने एक नव्हेत. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन मुलांवरील एका वेब मालिकेचा खटला रद्द करताना हे स्पष्ट केले. अशा शब्दांनी किळस येईल, धक्का बसेल, सभ्यतेला ते सोडूनही असतील, पण तेवढ्याने कामवासना चाळवत नाही आणि म्हणून केवळ शिवराळपणा म्हणजे अश्लीलता ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याआधी २०१४ मध्ये याच न्यायालयाने अश्लीलता ठरवण्याची १८६८ ची जुनी इंग्रजी कसोटी सोडून, संपूर्ण कृती आणि समकालीन समाजाची मानके पाहावीत असे म्हटले होते. आणि त्याच्याही किती आधी, १९६२ च्या एका दिवाळी अंकातील मराठी कथेवरचा खटला १९६९ मध्ये लेखकाच्या बाजूने निकाली काढताना, किशोरांच्या हाती पडू नये एवढ्याच मापाने साहित्य मोजले तर किशोरांना धार्मिक पुस्तकांखेरीज काही वाचताच येणार नाही, असे न्यायाधीशांनी सुनावले होते.

एक सावधगिरी मात्र त्यातून निघते. एका मराठी कवितेच्या प्रकरणात २०१५ मध्ये न्यायालयाने असे मत दिले की इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या तोंडी असे शब्द घातले तर कसोटी अधिक कडक होते. आपल्या दोन्ही पुस्तकांच्या नावांत तसे कोणाचे नाव नाही, तेव्हा तो प्रश्न येथे उद्भवत नाही. शंका वाटली तर वकिलाला विचारा. पण कायद्याने हरकत नसणे म्हणजे दर्शनी जागेची शिफारस नव्हे, हे वकीलही सांगतील.

मग ठरवायचे कशावर? मी स्वतःला दोन गोष्टी विचारते. पहिली अशी की, याच पुस्तकाचे नाव साधे, कोणाच्या नजरेत न भरणारे असते तर आम्ही ते या बारांत घेतले असते का? दुसरी अशी की, नावातली शिवी कोणी कोणाला दिली आहे?

आपल्या शहरातील तरुणाच्या पुस्तकाला या दोन्ही प्रश्नांची उत्तरे चोख मिळतात. आपण पत्रासोबत पाठवलेली त्याची पहिली तीन प्रकरणे मी वाचली. रात्रपाळीत पोती उतरवताना पगारपत्रकावर अंगठा उठवून घेण्याची पद्धत, जेवणाच्या सुटीत कंत्राटी आणि कायम कामगारांनी वेगळ्या ओट्यांवर बसणे, आणि आठ महिन्यांत मुकादमाने एकदाही नावाने हाक न मारणे, हे सगळे त्याने कसलाही आव न आणता लिहिले आहे. पुस्तकाला ‘माझे दिवस’ असे काही नाव असते तरी स्थानिक लेखकाचे चांगले पहिले पुस्तक म्हणून आपण ते मांडलेच असते. आणि ती शिवी लेखकाने जगाला दिलेली नाही, जगाने त्याला दिली होती. घरी आईने ठेवलेले नाव एक आणि कारखान्याच्या फाटकाच्या आत चालणारे नाव दुसरे, हेच तर त्या पुस्तकाचे सांगणे आहे. तो शब्द झाकला तर आपण मुकादमाची अब्रू झाकतो, लेखकाची नव्हे.

दुसऱ्या पुस्तकाविषयी मी फार लिहीत नाही, कारण त्यात लिहिण्यासारखे फारसे नाही. इंग्रजीत गेली काही वर्षे चाललेल्या एका फॅशनची ही मराठी आवृत्ती आहे. मुखपृष्ठावर शिवी, तिच्यातल्या एका अक्षराला फुली, आणि आत सकाळी लवकर उठावे व नकारार्थी माणसांपासून दूर राहावे असा उपदेश. ती शिवी कोणी कोणाला दिलेली नाही. ती गिऱ्हाइकाची मान वळवण्यासाठी आहे. ते नाव काढून दुसरे दिले तर पुस्तकातले एक वाक्यही बदलावे लागणार नाही, आणि तसे ते साध्या नावाने आले असते तर आपल्या निवड समितीने त्याला बारांत घेतले असते असे मला वाटत नाही. आणि त्या फुलीविषयी काय बोलावे! ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार आहे. वाचणारा मनातल्या मनात अक्षर भरूनच वाचतो, लेखकाला शिवी दिल्याचे सुख मिळते आणि प्रकाशकाला न दिल्याचे. हे पुस्तक वर फडताळात राहू द्या. ज्यांना हवे ते नेतील, आणि नेतील यात शंका नाही.

म्हणजे माझे मत असे की दोन्ही पुस्तकांना एकच न्याय लावण्याचा आग्रह सोडावा. ज्येष्ठांनी ‘दोन्ही नकोत’ आणि तरुणांनी ‘दोन्ही हवीत’ असे म्हटले, आणि दोन्ही बाजूंनी पुस्तक उघडून पाहण्याचे श्रम वाचवले. पहिले पुस्तक काचेच्या कपाटात मांडा, दुसरे मांडू नका.

पहिल्याच्या विरुद्धही एक आक्षेप आहे, आणि तो ज्येष्ठांनी मांडला त्याहून अधिक बळकट स्वरूपात मीच मांडते. मुलांनी तो शब्द ऐकलेला नसतो असे मानण्याइतकी मी भोळी नाही. शाळा सुटल्यावर रिक्षात बसलेली मुले काय बोलतात ते आपणही ऐकले असेल. पण रस्त्यावर ऐकलेला शब्द आणि वाचनालयाच्या कपाटात, कवितासंग्रह आणि चरित्रग्रंथ यांच्या मधोमध पाहिलेला शब्द यांत फरक आहे. मुलाला त्या मांडणीतून असे कळते की मोठ्या माणसांनी याला मान्यता दिली. मान्यता कशाला दिली, पुस्तकाला की शब्दाला, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. तीच गोष्ट रस्त्याने जाणाऱ्या गुजराती भाषकाची. देवनागरी त्याला वाचता येते, तो शब्द त्याच्याही भाषेत आहे, पण मराठी पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर वाचण्यासाठी तो थांबणार नाही. आणि ती शिवी आईबहिणीवरून असल्यामुळे तेथून जाणाऱ्या बाईला ती मुकादमाने कामगाराला दिलेली आहे की कोणी तिलाच उद्देशून काचेमागे ठेवली आहे, हे एका नजरेत कळणार नाही. शब्द जातिवाचक असता तर मी याहून फार सावध झाले असते. स्वतःची ती ओळख सांगणाऱ्या लेखकाला तो नावात वापरण्याचा पूर्ण अधिकार असला, तरी त्याच जातीतले एखादे शाळकरी मूल कपाटासमोरून जाताना त्याच्या डोळ्यांत फक्त तो शब्द शिरेल, लेखकाचा अधिकार नव्हे.

या आक्षेपामुळेच या उत्तराचा माझा पहिला मसुदा उलटा होता. त्यात मी पुस्तक वरच्या मजल्यावरील देवघेवीच्या टेबलावर, मुखपृष्ठ समोर करून ठेवा आणि खाली मांडू नका, असे लिहिले होते. दोन दिवसांनी वाचताना मला त्यात एक पळवाट दिसली. वर ठेवले की ते घरातले झाले आणि घरातल्याला बाहेरच्यांचा उपसर्ग नाही, असे मी गृहीत धरले होते. बडोद्यात राहून असे गृहीत धरणे बरे नव्हे. २००७ च्या मे महिन्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विद्याशाखेत विद्यार्थ्यांची कामे परीक्षेसाठी, परीक्षकांसमोर मांडलेली होती. बाहेरची मंडळी आत शिरली, एका विद्यार्थ्याला अटक झाली, आणि त्याच्या निषेधार्थ मुलांनी भरवलेले प्रदर्शन बंद करण्यास नकार देणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांना निलंबित करण्यात आले. तेथील वादाचा विषय निराळा, धार्मिक प्रतिमांचा होता, शिवीचा नव्हता. पण आतली मांडणी एका दुपारीत बाहेरची होऊ शकते, हे त्या घटनेने या शहराला दाखवले आहे. तेव्हा लपवून सुरक्षित होता येत नाही. ज्या मांडणीचे कारण आपल्याला चारचौघांत सांगता येते तीच मांडणी त्यातल्या त्यात सुरक्षित असते, आणि या पुस्तकाचे कारण आपल्याला सांगता येते.

ते कारण कपाटातच सांगा. काच बोलत नाही ही तिची खोड आहे, म्हणून पुस्तकाशेजारी एक पुठ्ठ्याचे कार्ड ठेवा, मराठीत आणि गुजरातीत. मुखपृष्ठावर कागदाची पट्टी चिकटवू नका. पट्टीखाली काय आहे याचीच चर्चा महिनाभर होईल आणि पुस्तकाची होणार नाही. बारांपैकी कोणती जागा द्यायची हे आपल्या हाती आहे. सर्वांत खालचा कप्पा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो, तेथे बालविभागाची पुस्तके राहू द्या आणि हे पुस्तक वरच्या कप्प्यात, जिन्यापासून दूरच्या बाजूला ठेवा. याला कोणी भित्रेपणा म्हटले तर म्हणू द्या. औषधाची बाटलीही घरात आपण वरच्याच फळीवर ठेवतो आणि त्यामुळे ती निषिद्ध होत नाही.

मांडण्यापूर्वी त्या लेखकाला विचारा. आपल्या पत्रात सर्वांची मते आली आहेत, त्याचे आलेले नाही. आपली शिवी दांडिया बाजारातल्या काचेमागे दिवे लावून दिसावी असे त्याला वाटते का, त्याच्या घरच्यांचा जाण्यायेण्याचा रस्ता तोच आहे का, हे आपल्याला ठाऊक नाही. त्याने नको म्हटले तर विषय तेथेच संपतो आणि पुस्तक वरच्या टेबलावर जाते.

राजीनाम्याची भाषा करणाऱ्या सभासदांना बैठकीत उत्तर देऊ नका. त्यांच्या घरी जा, पुस्तक बरोबर न्या आणि पहिले प्रकरण वाचून मग काय ते बोला, अशी विनंती करा. पस्तीस-चाळीस वर्षे वाचनालयाला दिलेल्या माणसाला आपल्याला न विचारता काहीतरी झाले याचाच राग अधिक असतो, शब्दाचा कमी. एवढे करूनही त्यांचा विरोध राहिला तर तो इतिवृत्तात त्यांच्या शब्दांत नोंदवा. ठराव मात्र मांडणीच्या आधीच्या तारखेचा असावा. एखाद्या नगरसेवकाचा फोन आल्यानंतर घाईने केलेला ठराव आणि विचाराने आधी केलेला ठराव यांतला फरक वर्षानंतर नोंदवही चाळणाऱ्यालाही कळतो. ठरावात दोन्ही पुस्तकांची नावे पूर्ण लिहावीत. इतिवृत्त ही नोंद आहे, तेथे फुल्या शोभत नाहीत.

फळ्याचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण आपल्या पत्रातले मला सर्वांत आवडलेले वाक्य त्या बाईंचे आहे. आपण पुढे असेही लिहिले आहे की त्यांनी ते पुस्तक घरी नेऊन एका रात्रीत वाचले, परत देताना ‘चांगले आहे’ म्हणाल्या, आणि तरीही नाव लिहिणार नाही म्हणाल्या. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही. लेखकाला तो शब्द लिहिण्याची गरज होती म्हणून बाईंना तो हाताने गिरवण्याची गरज निर्माण होत नाही. छापलेले मुखपृष्ठ कपाटात ठेवताना संस्था दुसऱ्याचा शब्द दाखवते; फळ्यावर लिहिताना एक माणूस तो आपल्या अक्षरात लिहितो, आणि एकोणीस वर्षे त्या फळ्याला लोक त्यांच्याच अक्षराने ओळखतात. त्यांच्यावर सक्ती करू नका, आणि त्यांच्याऐवजी एखाद्या उत्साही तरुणाच्या हाती खडू देऊन त्यांना शेजारी उभेही करू नका. फळ्याला पुस्तकाचे नावच हवे असा काही नियम नाही. ‘या महिन्याचे पुस्तक’ या ओळीखाली लेखकाचे नाव आणि ‘यांचे आत्मकथन, कपाटात वरच्या ओळीत पाहावे’ एवढे त्या लिहू शकतील का, ते विचारा. फुल्या मात्र कोणीच काढू नयेत.

कार्डावर काय लिहावे, असा आपला पुढचा प्रश्न असणार, म्हणून एक मसुदा देते. ‘या पुस्तकाचे नाव म्हणजे लेखकाला कामाच्या ठिकाणी आठ महिने ज्या शब्दाने हाक मारली जात होती तो शब्द आहे. लेखक आपल्या शहरातील आहे. पुस्तक प्रौढ वाचकांसाठी पहिल्या मजल्यावर उपलब्ध आहे.’ यापेक्षा अधिक लिहू नका. खुलासा लांबला की तो माफीसारखा दिसू लागतो. मराठी मजकूर त्याच बाईंकडून लिहून घेता आला तर उत्तम, त्यात न लिहिण्यासारखे काही नाही. गुजराती मजकूर कोणाकडूनही नीट करून घ्या आणि कार्ड ठेवण्यापूर्वी समोरच्या दुकानदारांना एकदा वाचून दाखवा, कारण दिवसभर आपल्या कपाटाकडे तोंड करून तेच बसलेले असतात.